नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पाणी : अभिक्रिया कशी ओळखावी

नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या पाण्याबरोबर होणाऱ्या अभिक्रिया पाठ करण्याआधी प्रत्येकातील नायट्रोजनची ऑक्सिडीकरण अवस्था, म्हणजे संयुगातील अणूवर मानलेला विद्युतभार, काढावी, कारण बहुतेक उत्तरे तिच्यातच दडलेली असतात. ऑक्सिजन −२ धरावा आणि रेणूची एकूण बेरीज शून्य येईल असे पाहावे. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या पाच अणूंचे मिळून −१० होतात, म्हणून नायट्रोजनच्या दोन अणूंना प्रत्येकी +५ येतात. याच रीतीने नायट्रस ऑक्साइडला +१, नायट्रिक ऑक्साइडला +२, डायनायट्रोजन ट्रायऑक्साइडला +३ आणि नायट्रोजन डायऑक्साइडला +४ मिळते.

आता त्याच अवस्थेचे आम्ल आहे का, ते पाहावे. नायट्रस आम्लात नायट्रोजन +३, तर नायट्रिक आम्लात +५ असतो. त्यामुळे ट्रायऑक्साइड पाण्यात पहिले आम्ल देते आणि पेंटॉक्साइड दुसरे. दोन्हीकडे नायट्रोजनची अवस्था बदलत नाही. नायट्रस आणि नायट्रिक ऑक्साइडे मात्र उदासीन आहेत, म्हणजे पाण्यात आम्ल देत नाहीत. हायपोनायट्रस आम्लातही नायट्रोजन +१ असल्यामुळे येथे फसगत होऊ शकते. त्या आम्लाच्या विघटनातून नायट्रस ऑक्साइड निघते, पण ते पाण्यात सोडून आम्ल परत मिळत नाही.

खरी कसोटी नायट्रोजन डायऑक्साइड या तपकिरी वायूची आहे. +४ अवस्थेचे आम्लच जोडीला नसल्याने नायट्रोजनचे अणू दोन वाटांनी जातात. थंड पाण्यात दोन रेणूंपैकी एकातील नायट्रोजन +५ वर चढतो व दुसऱ्यातील +३ वर उतरतो, आणि नायट्रिक व नायट्रस अशी दोन्ही आम्ले तयार होतात. नायट्रस आम्ल उष्णतेने टिकत नाही. म्हणून गरम पाण्यात डायऑक्साइडचे तीन रेणू आणि पाण्याचा एक रेणू यांपासून नायट्रिक आम्लाचे दोन रेणू आणि नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू मिळतो. हे समीकरण अवस्थांच्या बेरजेने अवश्य तपासावे: आधी ४ + ४ + ४, नंतर ५ + ५ + २, दोन्हीकडे १२. केवळ अणू मोजून थांबणाऱ्याला समीकरण जुळल्याचे कळते, पण एक रेणू +२ पर्यंत का घसरला हे कळत नाही.

ऑस्टवाल्ड पद्धतीत नायट्रिक आम्ल बनवताना हे बाहेर पडलेले नायट्रिक ऑक्साइड वाया जाऊ देत नाहीत. हवेतील ऑक्सिजनने त्याचे पुन्हा डायऑक्साइड करून ते परत पाण्याकडे वळवतात.