बँकॉकमध्ये फ्लॅट भाड्याने किंवा विकत घेताय? या चुका टाळा

ऑन नुट स्टेशनजवळचा माझा पहिला फ्लॅट सोडताना घरमालकाने डिपॉझिटमधून ११ हजार बाट (थायलंडचं चलन) कापून घेतले. बेडरूमच्या लॅमिनेट फरशीला बाल्कनीच्या दारापाशी पाणी लागून फुगवटा आला होता, हे कारण. तो मी राहायला जायच्या आधीपासूनच होता, पण दाखवायला माझ्याकडे एक फोटोही नव्हता.

इथे साधारण दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं द्यावं लागतं, म्हणजे अडकणारी रक्कम मोठी असते. त्यामुळे सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. एसीखालची भिंत, सिंकखालचं कपाट, गादीची खालची बाजू, विजेच्या मीटरचा आकडा, सगळं त्यात येऊ द्या. तो त्याच दिवशी घरमालकाला लाइन अ‍ॅपवर पाठवा. थायलंडमध्ये बोलणं व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा लाइनवरच चालतं आणि वाद झाला तर त्यावरची तारीख कामी येते.

विजेचं बिल थेट वीज कंपनीचं येणार की घरमालक स्वतःचा दर लावणार, हे सही करण्याआधी विचारा. अनेक अपार्टमेंटमध्ये युनिटला ७-८ बाट लावतात. सरकारी दर त्याहून बराच कमी असतो आणि एप्रिलच्या उकाड्यात एसी रात्रभर चालतो.

टीएम ३० हा कागद बहुतेकांना उशिरा कळतो. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची असते. त्याने टाळाटाळ केली, तरी व्हिसा वाढवायला गेल्यावर काउंटरवर अडकतो तो भाडेकरूच. 'टीएम ३० करून देईन' हे वाक्य करारातच घालून घ्या. आणि घर बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. सुखुमवित रस्त्याच्या काही सोईंमध्ये, म्हणजे गल्ल्यांमध्ये, तासाभराच्या पावसात घोट्याच्या वर पाणी चढतं.

विकत घेताना चूक महागात पडते. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. थाई भागीदार नावापुरते दाखवून कंपनीच्या नावावर बंगला घेऊन देतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच उठा; ते बेकायदेशीर आहे. कॉन्डोमधला, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळी असलेल्या इमारतीतला, फ्लॅट मात्र पूर्ण मालकीचा घेता येतो, पण इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. हा कोटा शिल्लक आहे का, हे एजंटच्या तोंडी शब्दावर सोडू नका. इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे द्या.

सगळ्यात जास्त लोक पैशाच्या वाटेवर चुकतात. रक्कम परदेशातून परकीय चलनातच यावी लागते आणि तिचे बाट थायलंडमधल्या बँकेत व्हावे लागतात. पुण्याहून पाठवताना बँकेला 'बाटच पाठवा' सांगितलं किंवा पैसे भावाच्या खात्यातून गेले, की लँड ऑफिसमध्ये नोंदणी अडते. थायलंडमधल्या पगारातून साठवलेले बाटही सहसा चालत नाहीत. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकच ठेवा, हेतूच्या रकान्यात कॉन्डो खरेदी असं लिहा आणि रक्कम ५० हजार डॉलर किंवा जास्त असेल तर थाई बँकेकडून परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म लगेच मागून घ्या. त्याहून कमी असेल तर बँकेचं पत्र घ्या. फ्लॅट पुढे विकून पैसे परत नेतानाही हेच कागद लागतात. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, तेव्हा हप्त्यांच्या तारखा त्या हिशेबाने ठरवा.

नोंदणीच्या दिवशी विक्रेत्याकडे देखभाल शुल्काची थकबाकी नसल्याचं पत्र हवंच. २ टक्के हस्तांतर शुल्क आणि विक्रेत्याचे कर कोण भरणार, हेही करारात स्पष्ट लिहा.

भारतात रहिवासी म्हणून रिटर्न भरत असाल, तर हा फ्लॅट दरवर्षी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचा. भाडं येत नसलं तरीही. लपवला तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.