मुलींचा बास्केटबॉल संघ बांधायचाय? आधी त्यांच्या घरी जा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात क्रीडा संचालक आहे आणि मुलींचा बास्केटबॉल संघ सांभाळते. नव्यानं रुजू झालेल्या प्रशिक्षकांना मी पहिल्यांदा हेच सांगते: आपल्याकडं पोरगी खेळ सोडते ती घरी. मैदानावर ते आपल्याला फक्त कळतं. म्हणून ड्रिबलिंग शिकवायच्या आधी घरं गाठायची.

प्रवेश आटोपले की यादी करा. पेरणीच्या धांदलीत जाऊ नका. कोळपण्या सुरू झाल्या की जा, तेही दिवेलागणीला, धारा काढून झाल्यावर. त्याच पट्ट्यातली संघातली जुनी मुलगी बरोबर घ्या. चहाला नाही म्हणू नका. पदकं, निवड, विद्यापीठाचा संघ हे पहिल्या भेटीत काढूच नका, कारण घरच्यांचे प्रश्न वेगळे असतात. एका घरी वडील, चुलते सगळे माझं ऐकून घेत होते, पण हो-नाही कुणीच म्हणेना. कोपऱ्यात तूर निवडत बसलेल्या आजीनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, पोरगी घरी कवा येणार, आन् कुणासंगं?” मी पर्समधला कागद काढला. त्यावर सरावाची वेळ, परतीची गाडी, त्याच गाडीनं येणाऱ्या दुसऱ्या मुलीचं नाव आणि माझा नंबर. आजीनं तो नातीला मोठ्यानं वाचायला लावला. मग कपड्यांचं निघालं. मी सांगितलं की सरावाला ट्रॅकपँट चालते, सामन्याला चड्डीच्या आत लेगिंग घालता येतं, फक्त साऱ्या संघाचा रंग एक पाहिजे. “मग जाऊ द्या की,” आजी म्हणाली, आणि वडिलांनी मान डोलावली.

असा कागद प्रत्येक घरी द्या आणि त्यातला शब्द पाळा. गाडी चुकली तर घरून फोन यायच्या आधी तुमचा फोन गेला पाहिजे. एखाद्या गावात एकदा विश्वास उडाला, की तिथून पुढं कुणी मुलगी पाठवत नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामने आणि सोयाबीनची काढणी बहुतेक वेळा गळ्यात गळे घालूनच येतात. त्या दिवसांत घरची लेकरं रानात लागतात, तेव्हा गैरहजेरी मांडून काही साधत नाही. गावात खोली करून राहणाऱ्या मुलींचा सराव पहाटे घ्या, खेड्यावरून येणाऱ्यांना चार दिवस मोकळीक द्या, आणि हे पालकांना आधीच सांगून ठेवा. ज्या घरची रास वेळेवर होते, ते घर सामन्याला आपणहून येतं. येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येला रानात जेवायचं, आवतन आलं तर नक्की जा. कडब्याच्या कोपीजवळ भज्जी, उंडे आणि आंबील खाताना वडील जेवढं मोकळं बोलतात, तेवढं कॉलेजच्या पालक मेळाव्यात कधीच बोलत नाहीत. त्या दिवशी चार-पाच रानांवर जावं लागतं, म्हणून पहिल्याच ठिकाणी पोटभर जेवू नका.

मैदानाला कुलूप लावू नका. पहाटे पोलीस भरतीची पोरं पळायला येतात, त्यांच्याशी ओळख वाढवा. मुली त्यांना दादा म्हणायला लागल्या, की कुंपणाला टेकून शेरे मारणारे आपोआप पांगतात. कोर्ट पाण्यानं धुऊ नका, झाडून ओलं पोतं फिरवा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि सांडलेलं पाणी इथं लोकांच्या डोळ्यावर येतं.

रिंग लटकून लटकून वाकतेच. ती काढून दुकानात नेण्यापेक्षा वेल्डरला कोर्टवर बोलवा. रिंगचा काठ जमिनीपासून ३.०५ मीटरवर पाहिजे, हे टेप लावून त्याला दाखवा, त्याच्या हातानं दोन चेंडू टाकून घ्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. पुढच्या वेळी सामन्याच्या आदल्या रात्रीही तो येईल. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्याच्याकडूनच २.६० मीटरवर एक रिंग बसवून घ्या आणि ५ नंबरचा चेंडू द्या. मिनी बास्केटबॉलची मापं हीच आहेत. तुमच्या मुली आठवड्यातून एकदा तिथं शिकवायला गेल्या, की त्या गल्लीतल्या आयांना खेळ कळायला लागतो.

बाजारात रोख वर्गणी मागत फिरू नका, वस्तू मागा. फळवाल्याकडून केळी, किराणावाल्याकडून शेंगदाणे-गूळ, हाडांच्या डॉक्टरांकडून मुरगळलेल्या पायाची तपासणी. कुणी काय दिलं ते फळ्यावर लिहा.

घरच्या मैदानावर सामना असला की कबड्डीला माइक धरणारा गावातला पोरगा बोलवा आणि त्याला नियम शिकवा: १० मिनिटांचे चार डाव, २४ सेकंदांत चेंडू रिंगकडं, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. तो आपल्या बोलीत सांगायला लागला की बायकाही ओरडायला लागतात. त्यांच्यासाठी सावलीत वेगळ्या खुर्च्या ठेवा. पुढाऱ्यांना बोलवायचं तर दोन्ही गटांच्या बोलवा. सत्कार मध्यंतरात, तोही पाच मिनिटांत उरका. मुलींना घामावर उभं करून भाषणं ऐकवणं मला अजिबात पटत नाही.

नोकरीबद्दल मात्र खरं तेच सांगा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यात प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही आणि पडताळणीही करावी लागते. एवढं ऐकूनच घरचे खेळायला पाठवतात, म्हणून आशा वाढवून ठेवू नका. प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदाशी ताडून बघा, झेरॉक्स आपल्या फाइलला लावा आणि पडताळणीला वडिलांबरोबर स्वतः जा.