टर्बो इंजिनातील हवेची गळती कशी शोधावी
मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशनच्या २ लिटर ४जी६३ इंजिनात हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) आधी असल्यामुळे, पुढे एखाद्या सांध्यातून हवा गळली तरी ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) मोजलेल्या सगळ्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. परिणामी बूस्ट (टर्बोने निर्माण केलेला हवेचा दाब) कमी पडतो आणि काळा धूर येतो. म्हणून ट्यूनिंगला (इंजिनाच्या सेटिंग्जमध्ये बदल करण्याला) हात घालण्यापूर्वी गळतीची ही चाचणी करावीच. इंजिन बंद व थंड असताना टर्बोच्या तोंडाशी असलेला इनटेक पाइप काढून तेथे हवा भरण्याचा व्हॉल्व्ह असलेले टोपण क्लॅम्पने घट्ट आवळावे, एअर कॉम्प्रेसरने दाब हळूहळू १ बारपर्यंत वाढवावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे; जेथे बुडबुडे येतील तेथे गळती आहे. टोपण उडाल्यास गंभीर इजा होते. त्याच्या समोर कधीही उभे राहू नये. इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आणि विशेषतः सहज नजरेआड होणारे थ्रॉटल शाफ्टचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या दांड्याचे) सील बारकाईने तपासावेत.