मेलबर्नहून पर्थला जाताना स्वयंपाकघर कसं आवराल?

मेलबर्नमध्ये जेमतेम रुळल्यावर नोकरीसाठी पर्थला निघालेली मराठी कुटुंबं नेहमी भेटतात. त्यांना मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराबद्दल विचारते. फर्निचर, कपडे हवे तसे नेता येतात, खाण्याच्या वस्तू नाही. पर्थ ज्या राज्यात आहे ते वेस्टर्न ऑस्ट्रेलिया देशातल्या इतर राज्यांमधून येणाऱ्या मालालाही क्वारंटाइनचे नियम लावतं. क्वीन्सलँड फळमाशी तिथे नाही, आणि ती शिरू नये म्हणून गाडीने जाणाऱ्यांची राज्याच्या सीमेवर युक्लाच्या नाक्यावर चोवीस तास तपासणी चालते.

त्यामुळे कांदे, बटाटे, आलं, लसूण, लिंबं, मिरच्या असलं ताजं काही सोबत घेऊ नका. मधाची बाटलीही नको. कढीपत्त्याची कुंडी एखाद्या मैत्रिणीला देऊन टाका, मातीसकट रोपांचे नियम फार कडक आहेत. त्या रोपात जीव किती अडकलेला असतो ते मला माहीत आहे, पण नाक्यावर ते टाकावं लागण्यापेक्षा कुणाच्या तरी फोडणीत पानं पडलेली बरी. वाटेत साउथ ऑस्ट्रेलियात शिरतानाही फळं चालत नाहीत, तेव्हा मुलांसाठी केळी-सफरचंदं न घेता चिवडा-शंकरपाळे घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष मसाल्याच्या डब्याकडे द्या. वाट्यांमधलं सुटं जिरं-मोहरी बघून अधिकाऱ्याला काय कळणार? निघण्याआधी डबा रिकामा करून धुऊन ठेवा आणि मसाले दुकानातून आणलेल्या, नाव छापलेल्या बंद पाकिटांतच न्या. विचारलं तर सगळं दाखवा, लपवू नका. काय न्यायचं याचा शेवटचा शब्द त्यांचाच.

डाळ-तांदळाच्या मोठ्या पिशव्या नेण्यात मला अर्थ दिसत नाही. सामान नेणाऱ्या कंपन्या घनमीटरवर पैसे घेतात, आणि पर्थमध्ये भारतीय किराणा सगळा मिळतो. निघायच्या महिना-दीड महिना आधीच नवीन खरेदी थांबवा. उरलेल्या डाळी एकत्र करून अडईचं, म्हणजे मिश्र डाळींच्या डोशाचं, पीठ करा, भाजणी संपेपर्यंत थालीपीठं लावा, फ्रीझरमधला मटार-नारळ आधी वापरा. न फोडलेली, तारीख न उलटलेली पाकिटं फूड बँकेला द्या. उघडी पिठं मात्र कुणाला देऊ नका, त्यात टोके असतील तर दुसऱ्याच्या घरात जातील.

आईने केलेला गोडा मसाला तर सोडवत नाही. तो बाटलीत गच्च भरा, तोंडावर प्लास्टिकची फिल्म ताणून वरून झाकण फिरवा आणि बाटलीवर नाव लिहा. घरचा असल्याने तो आधी दाखवायचा, हे लक्षात ठेवा. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर चहाच्या पावडरीलाही वास लागतो. तूप गाडीत वितळतं, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उभंच ठेवा. उघडलेल्या तेलाच्या बाटल्या सामानाच्या ट्रकमध्ये घालू नका, कंपन्या बहुधा घेतही नाहीत.

ट्रक पोचायला आठवडा किंवा जास्तच लागतो. म्हणून छोटा कुकर, एक पातेलं, तांदूळ आणि मूगडाळीची बंद पाकिटं, हळद, मोहरी, मीठ, चहा, साखर एवढं एका खोक्यात भरून ते गाडीतच ठेवा. पहिल्या रात्री तुपाची धार सोडून मऊ खिचडी होते. कांदा-बटाटा दुसऱ्या दिवशी तिथल्या दुकानातून आणा.