ऑपरेशन चालू असतानाच टिश्यू तपासायचा तर आयनाइफ कसं वापरायचं

फ्रोझन सेक्शनला (तुकडा गोठवून, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली लगेच बघणं) तुकडा पाठवला की वीस मिनिटं, कधी अर्धा तास सगळी ओटी ताटकळत उभी आणि पेशंट भुलीत. आयनाइफ, म्हणजे कॉटरीला (विजेच्या उष्णतेने कापायचं हत्यार) जोडलेलं तपासणी यंत्र, हाच वेळ वाचवतं, कॉटरीने टिश्यू जळताना जो धूर निघतो तोच नळीने ओढून मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणू वजनावरून ओळखणारं मशीन) देतं आणि दोनतीन सेकंदात उत्तर.

पण सुरुवात ओटीत होत नाही. आधी लायब्ररी. ज्या अवयवाचं ऑपरेशन त्याचेच नॉर्मल आणि कॅन्सरचे तुकडे, पॅथॉलॉजिस्टने बघून सांगितलेले, जाळून त्यांचे स्पेक्ट्रम (कुठल्या वजनाचे रेणू किती, याचे आलेख) साठवायचे. मशीनला कॅन्सर वगैरे काही कळत नाही, ते फक्त फॉस्फोलिपिडचे (पेशीच्या आवरणातली चरबी) पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे दाखवतं, बहुतेक 600 ते 1000 एम/झेडच्या (वस्तुमान भागिले विद्युतभार) मधले, आणि सॉफ्टवेअर ते लायब्ररीशी ताडून बघतं. म्हणून ब्रेस्टची लायब्ररी लिव्हरला चालत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने 2013 मध्ये जे 81 ऑपरेशनचे निकाल छापले (सगळे नंतरच्या हिस्टॉलॉजीशी, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या तपासणीशी जुळले) त्यामागे 302 पेशंटची लायब्ररी होती. आणि मॉडेल (लायब्ररीवरून ओळखायला शिकलेलं सॉफ्टवेअर) तपासताना एका पेशंटचे स्पेक्ट्रम एकतर सगळे शिकवायला नाहीतर सगळे तपासायला, अर्धेअर्धे केलेत तर मार्क छान पडतील पण पेपर फुटलेला असेल.

ऑपरेशनच्या दिवशी मशीन कॅलिब्रेट करा, आयसोप्रोपेनॉलमधून ल्युसिन एन्केफॅलिन (वजन अचूक माहीत असलेलं संदर्भ रसायन) सोडलं असेल तर निगेटिव्ह मोडला (ऋण भाराचे आयन मोजताना) 554.26 चा पीक जागेवर आहे ना ते बघा. नळी कुठे दुमडली नाही ना, आत चरबीचा थर नाही ना तेही, कारण सिग्नल गेला की बऱ्याचदा घोळ नळीतच असतो.

कॉटरीचा मोड लायब्ररी करताना होता तोच ठेवा, कट (कापायचा) तर कट, कोॲग (रक्त थांबवायचा) तर कोॲग. रक्त टिपून घ्या आणि आधीच काळ्या पडलेल्या जागेवर परत जाळू नका, ताजी जागा घ्या. आता खरी गंमत इथे आहे, स्क्रीनवर लाल (म्हणजे कॅन्सर) दिसतं तेव्हा सर्जनचा हात पुढे सरकलेला असतो, धुराला नळीतून यायला वेळ लागतोच ना, म्हणून मार्जिनपाशी (काढायच्या भागाच्या कडेला) एक छोटा टच, थांबा, उत्तर बघा, मग पुढचा.

सिग्नल कमी असेल किंवा सॉफ्टवेअर ओळखतच नसेल तर ते उत्तर धरू नका, तिथला तुकडा सरळ फ्रोझनला द्या. बाकी जिथे जिथे टच केला तिथलाही तुकडा नंबर टाकून पॅथॉलॉजीला पाठवा, रिपोर्ट आला की त्या नंबरसमोर लिहून ठेवा.