अ‍ॅडासवाली गाडी घेतलीत? मग या चुका टाळा

हल्ली माझ्या ड्रायव्हिंग क्लासला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न क्लचचा नसतो. "सर, गाडीत अ‍ॅडास आहे, तरी एवढं शिकायला लागेल?" लागेल. अ‍ॅडास म्हणजे कॅमेरे-सेन्सर वापरून ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. ती असली की जास्तच लागेल, कारण गाडीला कुठे दिसत नाही हेही शिकायचंय.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रिव्हर्स घेताना स्क्रीनला डोळे चिकटवणं. मुलुंडच्या एका सोसायटीतली गोष्ट. विद्यार्थ्याची नवीकोरी एसयूव्ही, ऐन पावसाळा. शेजारी रीडेव्हलपमेंट चालू, म्हणून गेटपाशी सळयांचा टेम्पो उभा. सळया हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकंसुद्धा नाही. मी खाली उतरून "थांब, थांब" ओरडतोय आणि गडी काचा लावून, एसी सोडून स्क्रीन बघतोय. सेन्सर बंपरमध्ये, सळया काचेच्या उंचीवर, कॅमेऱ्यावर चिखल. मागची काच खळकन खाली आली. बाहेर पडून साहेब म्हणाले, "पण बीप वाजलाच नाही!"

मी रिव्हर्स घेताना रेडिओ बंद करतो, काच खाली घेतो, दोन्ही आरसे बघतो आणि मान पूर्ण वळवतो. स्क्रीन फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी. लेन्स पुसायला दाराच्या कप्प्यात एक फडकं असतंच.

दुसरी चूक अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी सोय, लावून मोबाइल बघण्याची. ही सवय लागते अटल सेतूवर. तिथे दुचाकी नाहीत, रिक्षा नाहीत, पट्टे ठळक; गाडी शहाण्यासारखी चालते. पण तिथली मर्यादा ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. दोन सेकंद मेसेज वाचलात की पन्नासेक मीटर गाडी तुमच्याविना गेली. मग हेच लोक ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला क्रूझ लावतात. पुढे अंतर सुटलं की त्यात स्कूटर घुसणार, गाडी करकचून ब्रेक मारणार, मागचा टेम्पोवाला आपल्या आईबापांचा उद्धार करणार. यावर मंडळींचा उपाय काय? अंतराची सेटिंग सगळ्यात कमी करायची!

हे आपल्याकडचंच खूळ नाही. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) होतं, काहींना नव्हतं. अपघातांत फारसा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले वळणं जोरात घ्यायला लागले, पुढच्या गाडीला जास्त चिकटायला लागले. ब्रेकमध्ये कमावलं ते वेगात उधळलं. म्हणून मी शहरात क्रूझ लावत नाही. ऑटोमॅटिक ब्रेक मात्र कधीच बंद करत नाही. तो माझ्या चुकीसाठी आहे, माझ्या आळसासाठी नाही.

सीटबेल्टचा बीप बंद करायला खोटी क्लिप खोचणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गाडीतून उतरतो. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसाला धरायला बनवलेली असते. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगते, आणि पट्टा नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो. मागच्या सीटलाही हेच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमधल्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. तेव्हा महिनाभर सगळे बोलले. आता पुन्हा मागचे बकल सीट कव्हरखाली गेलेत. ते आजच वर काढा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. एबीएसचा पेडल थरथरला की घाबरून पाय उचलू नका. दाबून ठेवा आणि स्टिअरिंग वळवा. ताशी ८० ला वाजणारा बझर गाणं मोठं करायची सूचना नव्हे. घाटात धो धो पावसात, गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या लेन असिस्टला पट्टे दिसत नाहीत, त्याच्या भरवशावर हात सैल सोडू नका. आणि पेडर रोडच्या चढावर हिल होल्ड दोन-तीन सेकंदच गाडी धरतो. तेवढ्यात क्लच जमत नसेल तर सरळ हँडब्रेक ओढा, मागच्याला वाजवू दे हॉर्न.