आधी पाय, मग बंदूक

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लायसन लागतं काय हो?" आपल्या बेळगाव भागात हा प्रश्न येणारच. माझं आजोळ खानापूर तालुक्यात. रानडुकरांपासून भात राखायला आज्ज्याकडे ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर चार हेलपाटे घालून परत आणायची. बंदूक म्हणजे कागदपत्रं, साहेब आणि कटकट, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं भोक), २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. त्याहून मोठं बोअर किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. आणि परवाना नाही म्हणून परसात कवडे, पारवे टिपत सुटायचं, असं नाही. पाखरू मारलं की प्रकरण वन्यजीव कायद्यात जातं. असली हौस घेऊन आलेल्या दोघा-तिघांना आमच्या सुभेदारांनी दारातूनच परत पाठवलंय.

सुभेदार म्हणजे आमचे शिकवणारे. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, कॅम्पात राहतात, आणि एका वाक्यात हिंदी, मराठी, कन्नड तिन्ही भाषा वापरतात. रेंज म्हणजे टिळकवाडीतला पत्र्याचा लांब हॉल, पाच लेन, दोरीवर पुढे-मागे सरकणारी निशाणाची कार्डं. मी तिथं २०१९ साली गेलो. वय ३८, नोकरी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात, पोट थोडं सुटलेलं. कॉलेजात एनसीसीत पॉइंट २२ ची रायफल चालवली होती, त्यामुळे आपल्याला हे जमतं अशी समजूत होती. तिथं जमिनीवर पालथं पडून, कोपरं टेकून गोळी मारायची असते. इथं उभं राहायचं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी बंदूक हातात दिलीच नाही. पाऊण तास नुसतं उभं केलं. डावा खांदा कार्डाकडे, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे ताठ पण ताणलेले नाहीत. मग म्हणाले, "घरी बायको पोराला कडेवर घेते तेव्हा कशी उभी राहते, बघितलंस कधी?" बघितलं होतं, पण त्या नजरेनं नव्हतं. मूल ज्या बाजूला असतं त्या बाजूची कंबर ती बाहेर काढते, पाठ जराशी उलट्या बाजूला झुकवते आणि तासभर तशीच भाजी निवडत उभी राहते. हात दुखत नाहीत, कारण मुलाचं ओझं हातावर नसतंच, ते कमरेच्या हाडावर असतं. रायफलचं अगदी तसंच आहे. चार-पाच किलोची बंदूक (साडेपाच किलोच्या वर चालत नाही) दंडाच्या जोरावर उचलली की तिसऱ्या मिनिटाला थरथर सुरू. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, तळहात बंदुकीखाली ठेवायचा, आणि ओझं हाडावरून हाडावर उतरत टाचेतून फरशीत गेलं पाहिजे. उजव्या हातानं नुसतं धरायचं, ओढायचं नाही. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट वाचावं.

आता थोडं गणित, कारण माझा धंदाच मोजण्याचा. १० मीटर रायफलच्या कार्डावर दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. आमच्या शॉपमध्ये अर्धा मिलिमीटर चूक म्हणजे जॉब सरळ भंगारात. तेवढा ठिपका ३३ फुटांवरून मारायचा म्हटल्यावर मी हबकलो. मग व्हर्नियर घेऊन बसलो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, आणि त्याची कड रेषेला शिवली तरी आतले गुण मिळतात. म्हणजे छर्र्याचं मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं तरी दहा. ऐकायला बरं वाटतं. पण हाच फरक बंदुकीच्या टोकाशी, नेम धरायच्या पुढच्या रिंगपाशी मोजला तर पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढं सांभाळणं बोटांच्या आणि दंडाच्या ताकदीनं होत नाही. ते उभं राहण्यातच बसलेलं असावं लागतं.

याची परीक्षा सोपी आहे, आणि नव्या माणसानं पहिला महिना हीच करावी. बंदूक खांद्याला लावून कार्डावर धरा. डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, अंग सैल सोडा. डोळे उघडा. बंदूक कुठं बघतेय? डावीकडे सरकली असेल तर हातानं ओढून मध्यावर आणायचं नाही. मागचा पाय इंचभर सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. डोळे उघडल्यावर बंदूक आपसूक काळ्या गोलात सापडेपर्यंत हा खेळ चालू द्या. हातानं ओढून आणलेली बंदूक ट्रिगर दाबताना पुन्हा आपल्या जागी जाते, आणि छर्रा तिच्याबरोबर जातो. सात-साडेसात पडलेल्या माझ्या बहुतेक शॉटांचं मूळ पायांत होतं, आणि मी मात्र वर्षभर साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, स्क्रू फिरवत बसलो होतो.

स्क्रूवरून आठवलं. पाच छर्रे मारल्याशिवाय साइटला हात लावायचा नाही. पाचही एका जागी, पण मध्यापासून लांब पडले तर साइट फिरवायची. पाच दिशांना पाच पडले तर साइटचा काही दोष नाही. दर शॉटनंतर क्लिक फिरवणारा माणूस स्वतःच्या चुकीच्या मागे पळत असतो, आणि चूक त्याच्या एक पाऊल पुढेच राहते.

श्वासाचं तंत्र असं: आत घ्यायचा, अर्ध्याहून जास्त सोडायचा, आणि थांबायचं. त्या थांब्यात पाच ते आठ सेकंद हातात असतात. त्यात शॉट निघाला तर ठीक, नाही तर बंदूक खाली. हे खाली ठेवणंच सगळ्यात अवघड जातं. इतकं सावरलंय तर मारूनच टाकू, असं मन म्हणतं. आठव्या सेकंदानंतर डोळ्यासमोरचं चित्र शिळं होतं, नाडी बंदुकीत उतरते, आणि आपण डुलणारा गोल मध्यावर आला की ट्रिगरला झटका देतो. सुभेदार मागून म्हणतात, "तडी, स्वल्प तडी (थांब, जरा थांब). गडबड कशाला?" गोल डुलणारच. तो थांबायची वाट बघायची नाही. तो लहानशा जागेत डुलत असताना बोटावरचा दाब वाढवत न्यायचा, आणि छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही जरा उशिरा कळावं. सुटल्यावर लगेच मान वर काढून कार्डाकडे बघू नका. मनात एक-दोन म्हणेपर्यंत तसंच राहा. छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि मान त्याच्या आधी उठते.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक अक्का आमच्यात पिस्तूल मारतात. पिस्तुलाचं पायाचं काम बरचसं असंच आहे, फक्त एका हातात धरायचं, दुसरा हात खिशात. पण डोळ्याचा हिशेब निराळा. पुढची साइट धारदार दिसली पाहिजे आणि कार्ड धुरकट. नवीन लोक कार्ड स्पष्ट बघायच्या नादात साइट पुसट करतात. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे नीट सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि दोन नंबरांच्या काचेतून कार्ड दोन दिसायचं.

ज्या कामानं माझे गुण खरे वाढले, त्यात एकही छर्रा खर्च झाला नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या बंदुकीनं रोज १५ मिनिटं. समोर कार्ड नसल्यामुळे डोळा निकाल शोधत नाही, फक्त ट्रिगर सुटताना पुढची रिंग हलली का ते दिसतं. बायको म्हणाली, "भिंतीला रोज नमस्कार घालण्यापेक्षा एकदा रंग तरी द्या तिला." ड्राय ट्रिगरची सोय नसलेली बंदूक रिकामी चालवून बिघडवू नका, आधी विचारून घ्या. आणि सुरुवात करताना नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, आठवणीवर विसंबायचं नाही.

शिस्तीचे नियम थोडेच आहेत, पण त्यात सूट नाही. नळीचं तोंड कायम कार्डाकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मारत नसताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. कुणी 'स्टॉप' म्हणालं की तिथल्या तिथं थांबायचं, एक शेवटचा मारून घेतो म्हणायचं नाही. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावायचा नाही. सुभेदार दारात उभं राहून हातांचा वास घेतात, अगदी शाळेतल्यासारखं.

आता खरेदी. पहिलं वर्ष काही घेऊ नका. स्पर्धेच्या रायफली लाखांत जातात, आणि अंगावरचं जाड कॅनव्हासचं जॅकेट तर मापातच लागतं. कुणी जुनी रायफल स्वस्तात देत असेल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. त्यात २०० बारपर्यंत हवा भरलेली असते आणि त्याची मुदत साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर लावून स्पर्धेत उभं राहता येत नाही, आणि घरी उभं राहणंही शहाणपणाचं नाही. छर्र्यांत कंजुषी कराल तर ग्रुप पसरेल, म्हणजे छर्रे एका जागी पडणार नाहीत. पण हा फरक दिसण्याइतकी आपली मार एका जागी पडायला हवी, तोवर रेंजवरचेच वापरा. आणि पावसाळ्यात कार्डं पत्र्याच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या जुलैत दमट कार्डाला भोक पडत नाही, ते फाटतं, आणि मग आठ की नऊ यावर भांडणं होतात.

पहिल्या ४० शॉटांत मला ४०० पैकी २७१ मिळाले होते. दीड वर्षानं ३६० च्या पुढे गेलो. शेजारच्या लेनवरच्या आठवीतल्या मुलीनं तोच प्रवास पाच महिन्यांत केला, याचं वाईट वाटून घेऊ नये. पोरं डोळे मिटून सांगितलेलं करतात. आपण आधी त्यावर मत देतो.

पहिल्या स्पर्धेत मी शेजाऱ्याच्या कार्डावर छर्रा मारला. खरंच. लेन चारवर उभा होतो, पाय पाचकडे वळलेले. बंदूक पाचकडे बघत होती आणि काळा गोल सुंदर दिसत होता. दशांशात मोजलं तर साडेदहाच्या आसपास पडला असावा. माझ्या खात्यात शून्य. तेव्हापासून प्रत्येक मालिकेआधी वर लिहिलेला लेनचा आकडा तोंडानं म्हणतो. बघणारे हसतात, हसू देत.

स्पर्धांच्या बाबतीत आपण सीमेवरच्या लोकांची गंमत आहे. आधार कार्डावर बेळगाव, म्हणून माझी वाट कर्नाटक राज्य रायफल संघटनेची. म्हणजे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास करून बेंगळूर, डोक्यावर बंदुकीची पेटी आणि डब्यात प्रत्येकाला ती काय आहे याचा खुलासा. आणि सराव बघायला, चार चांगले हात न्याहाळायला जवळ पडतं ते कोल्हापूर, निपाणीवरून अडीच तास. तेजस्विनी सावंत तिथल्या, २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून मारायच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबतही तिथल्याच. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, त्या ऑगस्टात आमच्या पत्र्याच्या हॉलसमोर पालकांच्या दुचाक्या लावायला जागा उरली नव्हती. त्यांनी आणलेली निम्मी पोरं दिवाळीपर्यंत गळाली. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापून बस थांबल्या, तेव्हा आमचं कोल्हापूरला जायचं ठरलेलं राहिलं. सुभेदार म्हणाले, "बरं झालं, तोवर भिंतीसमोर उभे राहा."

यायचं असेल तर रविवारी सकाळी सातला या. सपाट तळव्याचे बूट घाला, उंच टाचेचे किंवा मऊ स्पंजाचे नकोत. तासभर आधी थोडं खाऊन या, पण चहा घेऊ नका, नाडी कार्डावर उमटते. तो नंतर, सगळे मिळून, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. पहिला चहा नवीन माणसानं पाजायचा असतो.